आधी क्लेम शिकवा, मग पॉलिसी विकायला पाठवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या आळीतली एक मुलगी परवा पेढे घेऊन घरी आली. विमा प्रतिनिधीची परीक्षा पास झाली, एका कंपनीची एजन्सी मिळाली, म्हणून पेढे. वय चोवीस, बारावी झालेली, पदरात तीन वर्षांचा मुलगा, नवरा एमआयडीसीत कंत्राटी कामाला. पेढ्याचा पुडा माझ्या हातात देऊन तिनं पिशवीतून एक दोनशे पानी वही काढली आणि म्हणाली, "काकू, शंभर नावं लिहून आणायला सांगितलंय. माहेरची नि सासरची मिळून एकसष्ट झाली. तुमचं लिहू का?"

ती वही बघितल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही. म्हणून हे पत्र लिहिते आहे. ते छापावं ही विनंती. माझं नाव मात्र छापू नये. मला लपायचं नाही, पण पुढे जी हकिगत लिहिली आहे त्या घराची ओळख गावात उघडी पडू नये, एवढंच त्यामागचं कारण.

अशीच एक वही २००४ साली माझ्याकडे होती. मी तेव्हा एकतीस वर्षांची. मिस्टर कापडाच्या दुकानात कामाला, मोठी मुलगी चौथीत, सासूबाईंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन लांबणीवर टाकलेलं. कोरेगावातून एसटीनं साताऱ्याला गेले, एका हॉटेलच्या वरच्या हॉलमध्ये मीटिंग होती. पडद्यावर चारचाकीचा फोटो, मग बंगल्याचा, मग विमानाचा. आम्ही चाळीसेक जण होतो, त्यात बायका अकरा. कंपनीच्या साहेबांनी कोरे कागद वाटले आणि सांगितलं, "तुमचं भांडवल म्हणजे तुमची माणसं. त्यांची नावं लिहा." मी भावापासून सुरुवात केली.

त्या वेळी परवाना मिळायच्या आधी शंभर तासांचं प्रशिक्षण सक्तीचं होतं. आता ते पंचवीस तासांवर आलं आहे. परीक्षेला ५० प्रश्न, एक तास वेळ, पास व्हायला ३५ टक्के. तास कमी केले याबद्दल माझी तक्रार नाही. माझ्या शंभर तासांत जोखीम, विमा हित, बोनस, सरेंडर, हप्त्यात सूट द्यायला बंदी करणारं कलम ४१, सगळं होतं. पार्टी, म्हणजे गिऱ्हाईक, 'नंतर बघू' म्हणाली तर काय बोलायचं, याला एक आख्खा दिवस दिला होता. पॉलिसीवाला माणूस गेला तर दुसऱ्या दिवशी त्या घरात जाऊन काय करायचं, कुठला कागद आधी मागायचा, कुठला नंतर, त्याच्या बायकोशी काय बोलायचं आणि काय बोलायचं नाही, याला एक तासही नव्हता. ज्या दिवसासाठी माणूस विमा घेतो तो दिवस सोडून बाकी सगळं आम्हाला शिकवलं.

नातेवाइकांच्या यादीबद्दल आधी लिहिते, कारण नव्या मुलींची पहिली ठेच तिथेच लागते. माझ्या रहिमतपूरच्या मावशीनं पहिल्याच महिन्यात पॉलिसी घेतली. मावशीला विमा नको होता, तिला भाची हवी होती. दोन सहामाही हप्ते भरले, तिसऱ्याला तिच्याकडे पैसे नव्हते आणि ते मला सांगायचा तिला संकोच वाटला. तीस दिवसांची सवलत संपली, पॉलिसी लॅप्स झाली, भरलेले पैसे गेले. पुढच्या मे महिन्यात मामेभावाच्या लग्नात मावशी पंगतीत माझ्या शेजारची जागा सोडून पलीकडे जाऊन बसली. तिनं मला एक शब्द कधी ऐकवला नाही. पण त्या एका पॉलिसीच्या कमिशनपोटी मी काय घालवलं ते मला त्या दिवशी कळलं. पहिल्या वर्षीच्या यादीतल्या माझ्या एकोणीस पॉलिसींपैकी तिसऱ्या वर्षी सात चालू होत्या. पहिल्या हप्त्यावर कमिशन भरघोस आणि पुढच्या हप्त्यांवर थोडं, ही आमच्या धंद्याची रचना. त्यामुळे वरच्या साहेबांपासून खालच्या एजंटपर्यंत सगळ्यांचं लक्ष नवीन केसवर, म्हणजे नव्या पॉलिसीवर. जुनी केस मेली तरी कुणी विचारत नाही.

म्हणूनच आयुर्विमा महामंडळाच्या विमा सखी योजनेतली एक अट मला मनापासून आवडली. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतमध्ये ही योजना सुरू झाली. दहावी पास, १८ ते ७० वयाच्या बायकांसाठी आहे. पहिल्या वर्षी महिना ७ हजार, दुसऱ्या वर्षी ६ हजार, तिसऱ्या वर्षी ५ हजार असं मानधन, आणि कमिशन वेगळं. वर्षाला २४ पॉलिसी करायच्या. दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं असेल तर पहिल्या वर्षीच्या किमान ६५ टक्के पॉलिसी चालू राहिल्या पाहिजेत. म्हणजे चोवीसपैकी सोळा. ही अट कुणाला जाचक वाटेल. माझ्या पहिल्या वर्षी अशी अट असती तर मी मावशीच्या दारात गेलेच नसते. जिचा हप्ता पुढच्या वर्षी येणार नाही अशी केस नकोच, हे मी पहिल्या दिवसापासून शिकले असते. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्यावरचा जीएसटीही शून्य झाला. पॉलिसी विकणाऱ्यांची संख्या आता वाढणार, आणि त्यात बायका मोठ्या संख्येनं असणार. याचा मला आनंद आहे. मी या धंद्यावर दोन मुलींची शिक्षणं केली, घरावर स्लॅब टाकला. पण आनंद आहे म्हणूनच काळजीही आहे.

आता ती हकिगत.

२००५ चा मार्च. आमच्या धंद्यात मार्च म्हणजे वर्षाचं टार्गेट पुरं करायचा महिना. माझ्या दोन केस कमी पडत होत्या. आमच्या भागातून आल्याची पोती भरून मार्केटला नेणारा एक पिकअपवाला होता, वय अडतीस. गाडी कर्जाची, दोन मुलगे, बायको घरी. मीच त्याच्यामागे लागले होते. संध्याकाळी साहेबांना घेऊन त्याच्या घरी गेले. ओट्यावर सतरंजी टाकली होती. बायकोनं चहा आणला. आम्हाला दोघांना कपबशीतून, आणि त्याला स्टीलच्या पेल्यातून वेगळा. देताना ती त्याला म्हणाली, "हा तुमचा, बिनसाखरेचा."

मी ते ऐकलं. माझ्या मांडीवर प्रपोजल फॉर्म होता, पेन उघडं होतं. नाव, जन्मतारीख, उंची, वजन लिहून झालं होतं आणि मी तब्येतीच्या प्रश्नांवर आले होते. मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, गेल्या पाच वर्षांत कसले उपचार घेतले का. साहेबांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, तिथं सगळं नाही नाही करून टाका. अजून एक घर करायचंय." मी एकाखाली एक 'नाही' लिहीत गेले. निळ्या शाईत, माझ्या अक्षरात. त्याला एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं बोट ठेवलं तिथं सही केली. मनी बॅकची, म्हणजे दर काही वर्षांनी थोडे पैसे परत देणारी पॉलिसी, विमा तीन लाखांचा.

चौदा महिन्यांनी, मे २००६ मध्ये, रात्री दोन वाजता त्याच्या छातीत दुखायला लागलं. साताऱ्याला नेईपर्यंत होता, सकाळी गेला. दवाखान्यात दाखल करताना डॉक्टरांनी बायकोला विचारलं, काही आजार आहे का. घाबरलेल्या बाईनं खरं ते सांगितलं, आणि केसपेपरवर लिहिलं गेलं : पाच वर्षांपासून मधुमेह, गोळ्या चालू. नवरा वाचावा म्हणून ती जे खरं बोलली, तेच पुढे तिच्या विरुद्ध पुरावा झालं.

तेव्हा विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे पहिली दोन वर्षं कंपनीला पॉलिसीची अशी चौकशी करता येत होती. आता २०१५ पासून ती मुदत तीन वर्षं आहे, आणि तीन वर्षं उलटल्यावर कुठल्याही कारणानं पॉलिसीवर बोट ठेवता येत नाही. पण मुदत दोन वर्षं असो की तीन, चौदा महिने त्याच्या आतच. चौकशी अधिकारी आला, केसपेपरची प्रत घेऊन गेला. चार महिन्यांनी रजिस्टर पोस्टानं पत्र आलं, इंग्रजीत. ते न फोडता ती बाई थोरल्या मुलाला घेऊन माझ्या घरी आली. तिला वाटलं होतं, आत चेक आहे. मी पाकीट फोडलं, मनातल्या मनात वाचलं, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. "ताई, कधी देतो म्हणतात?" असं तिनं विचारलं. आजार लपवून ठेवल्यामुळे दावा नामंजूर, असं त्यात होतं.

मी मुंबईच्या विमा लोकपालांकडे तिच्या नावानं तक्रार केली. त्याला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, हे मला तेव्हाच कळलं. उत्तरं पार्टीनं दिलेली नाहीत, मी न विचारता भरली आहेत, असं मी लिहूनही दिलं. पण सही त्याची होती. निकाल विरुद्ध गेला. कंपनीचा राग मला आला होता, पण नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कळलं की कागदावर आजार लपवलेला होता ही गोष्ट खरीच होती. लपवणारा तो नव्हता, मी होते.

फायनान्सवाले पिकअप घेऊन गेले. ती बाई आलं धुण्याच्या कामावर जाऊ लागली. थोरल्यानं दहावीनंतर शाळा सोडली. पाच वर्षांनी मी एकदा हिय्या करून तिच्याकडे गेले आणि त्या संध्याकाळचं सगळं सांगितलं, चहाचंसुद्धा. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते विचारायचं असतं, हे मला तरी कुठं माहीत होतं? नाहीतर मीच सांगितलं असतं की."

संपादक महाशय, तिला ते माहीत नव्हतं कारण मी सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही कारण त्या एका 'नाही'ची किंमत काय असते हे मला कुणी दाखवलं नव्हतं. शंभर तासांच्या प्रशिक्षणात 'खरी माहिती भरावी' हे वाक्य पुस्तकात होतंच. वाक्य वाचणं वेगळं आणि ते पाकीट कुणासमोर तरी फोडणं वेगळं. ते पाकीट मी आधी दुसऱ्या कुणाबरोबर जाऊन एकदा बघितलं असतं तर त्या ओट्यावर माझं पेन थांबलं असतं, याची मला खात्री आहे.

त्यानंतर मी फॉर्म सकाळी भरते. संध्याकाळी माणूस दमलेला असतो आणि मीही. घरात बायको, आई, जे कोण असेल त्यांना समोर बसवते. प्रश्न मराठीत मोठ्यानं वाचते. आणि पहिलं वाक्य माझं ठरलेलं आहे : "घरातली गोळ्यांची पिशवी आणा." आमच्याकडे प्रत्येक घरात ती असते, फळीवर नाहीतर खुंटीला, मेडिकलच्या नावाची. तोंडानं 'मला काही नाही' म्हणणारा माणूस पिशवीतून बीपीच्या गोळ्यांचं पाकीट काढून देतो. लपवायचं त्याच्या मनात नसतं. रोज घेतो त्या गोळीला तो आजार समजत नाही.

२०१३ साली वाशीच्या मार्केटमध्ये माथाडी काम करणाऱ्या आमच्याकडच्या एका माणसाचा विमा केला. गणपतीला गावी आला होता. पिशवीत बीपीची गोळी निघाली. मी फॉर्मवर लिहिलं. कंपनीनं तपासण्या करायला लावल्या, हप्ता वाढवून सांगितला. तो माझ्यावर चिडला. "दुसरा एजंट म्हणतोय, लिहायचंच नाही, कशाला पैसे जास्त भरता." मी त्याच्या बायकोला बाजूला घेतलं आणि पिकअपवाल्याच्या घरची गोष्ट नाव न घेता सांगितली. तिनं त्याला तयार केलं. दोन वर्षं पुरी व्हायच्या आत तो मार्केटमध्येच कोसळला. चौकशी झाली. दवाखान्याचा कागद आणि प्रपोजल फॉर्म समोरासमोर ठेवले गेले, दोन्हीकडे बीपी, दोन्हीकडे तीच गोळी. पाच लाख रुपये तिच्या खात्यावर जमा झाले. बँकेत ती पासबुक भरून घ्यायला गेली तेव्हा मी बरोबर होते. छापलेला आकडा तिनं बोटानं दोनदा मोजला.

नव्या मुलींनी माझ्याकडून घ्यावं असं आणखी थोडं आहे. कंपनीच्या वर्गात ते मिळत नाही म्हणून इथं लिहिते.

आमच्याकडे उसाचं बिल ज्या महिन्यात खात्यावर येतं त्याच्या आसपास शेतकऱ्याच्या हप्त्याची तारीख ठेवावी. पेरणीच्या जून-जुलैत हप्ता लावला तर तो भरलाच जाणार नाही, मग तो माणूस कितीही सज्जन असो. एवढ्या एका गोष्टीनं माझ्या लॅप्स पॉलिसी निम्म्यावर आल्या.

नॉमिनी दर वर्षी विचारावा. मुलगा लग्नाआधी पॉलिसी घेतो, नॉमिनी आई. पुढे लग्न होतं, मुलं होतात, आई जाते, आणि कागदावर नॉमिनी आईच राहते. एका अर्जानं बदलतं ते. हप्त्याची आठवण करायला जाताना मी तो कोरा अर्ज पिशवीत ठेवते.

ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे अशा व्यापाऱ्याची, गाडीवाल्याची पॉलिसी १८७४ च्या विवाहित महिला मालमत्ता कायद्याखाली करून द्यावी. पॉलिसी घेतानाच तसं लिहून द्यावं लागतं, मागाहून होत नाही. मग ते पैसे बायकोचे आणि मुलांचे, त्यावर सावकाराला की फायनान्सवाल्याला हात ठेवता येत नाही. दीडशे वर्षं जुना कायदा आहे, आणि मला तो एजन्सी घेतल्यावर सहा वर्षांनी कळला.

आणि ज्याला खरोखर मोठ्या रकमेचं संरक्षण हवं आहे त्याला टर्म इन्शुरन्स, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच पैसे देणारा स्वस्त विमा, सांगावा, मग कमिशन थोडं का मिळेना. पिकअपवाल्याला मी मनी बॅक दिली, कारण दर काही वर्षांनी पैसे परत मिळणार हे त्याच्या गळी उतरवायला सोपं होतं आणि माझं कमिशनही चांगलं होतं. त्याला गरज होती ती कर्ज फिटून वर घर चालेल एवढ्या रकमेची. तेवढ्याच हप्त्यात टर्ममध्ये कितीतरी मोठा विमा बसला असता. हा हिशोब मी त्याला मांडून दाखवायला हवा होता.

पंतप्रधान जीवनज्योती विमा योजनेत माझ्या हाताला काही लागत नाही. बँकेतून वर्षाला ४३६ रुपये कापले जातात आणि दोन लाखांचा विमा असतो, १८ ते ५० वयात घेता येतो. मी पार्टीच्या घरी गेले की आधी हा आहे का ते विचारते. वाठार स्टेशनची एक बाई नवरा गेल्यावर माझ्याकडे आली होती, पॉलिसी काहीच नाही म्हणून रडत. मी पासबुक मागितलं. मे महिन्याच्या रकान्यात ४३६ ची नोंद होती. बँकेनं कधीतरी फॉर्मवर सही घेतली होती, नवऱ्यानं घरी सांगितलं नव्हतं. तिला वाटत होतं, तो बँकेचा चार्ज आहे. दोन लाख मिळाले. मला एक रुपयाही मिळाला नाही. पण पुढच्या दोन वर्षांत त्या गावातून माझ्याकडे अकरा केस आल्या, एकही मी मागायला गेले नव्हते. नव्या मुलींच्या शंभर नावांच्या वहीत अशी नावं कधीच येत नाहीत, कारण ती आधी ठाऊकच नसतात.

सातारा जिल्ह्याला विमा नवा नाही. अण्णासाहेब चिरमुल्यांनी १९१३ साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. विमा म्हणजे मुंबई-कलकत्त्याची गोष्ट वाटायची तेव्हा साताऱ्यासारख्या छोट्या गावात विमा कंपनी होती. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली, देशभरातल्या २४५ विमा संस्था एका छत्राखाली आल्या, त्यात साताऱ्याचीही गेली. किन्हईच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला पत्र्याच्या ट्रंकेतून त्यांच्या वडिलांचा जुना विम्याचा कागद काढून दाखवला होता, चार घड्या घातलेला, घड्यांवर विरलेला. पैसे केव्हाच मिळून संपले होते, कागद जपला होता. म्हणाले, "ह्या पैशावर आम्ही तीन भावंडं शिकलो." लोकांनी विम्याचा कागद देवाच्या फोटोमागे ठेवावा एवढा विश्वास त्या वेळच्या एजंटांनी कमावला. आम्ही आता त्यावर जगतो आहोत.

आपल्या वर्तमानपत्राच्या माध्यमातून माझं विमा कंपन्यांना आणि विमा नियामक प्राधिकरणाला सांगणं आहे. पंचवीस तासांचे तीस करा की वीस करा, पण त्यातले चार तास वर्गाबाहेरचे असू द्या. प्रत्येक नव्या प्रतिनिधीनं पहिली पॉलिसी विकायच्या आधी एका जुन्या प्रतिनिधीबरोबर एका तरी घरी क्लेमसाठी गेलंच पाहिजे. मृत्यूचा दाखला, मूळ पॉलिसी, क्लेम फॉर्म, नॉमिनीच्या बँकेचा तपशील, हे सगळं आपल्या हातानं जुळवून शाखेत जमा केलंच पाहिजे, आणि त्याची नोंद परीक्षेच्या अर्जाला जोडली पाहिजे. ज्यांचा क्लेम नामंजूर झाला अशा एका घरचं पत्र नाव झाकून वर्गात मोठ्यानं वाचलं पाहिजे. आणि ते पत्र मराठी माणसाला मराठीत गेलं पाहिजे. नवरा गेलेल्या बाईनं आपल्या नवऱ्याबद्दल कंपनी काय म्हणते हे समजण्यासाठी पाकीट घेऊन दारोदार फिरू नये. त्याच पत्रात विमा लोकपालांचा पत्ता ठळक अक्षरात असावा. आता पुण्यातही त्यांचं कार्यालय आहे, आमच्या भागातल्या माणसाला मुंबईपर्यंत जायची गरज नाही.

नवीन मुलींना कुणी हप्त्यातली काही रक्कम परत मागेल, 'पहिला हप्ता तुम्हीच भरा' म्हणेल. मी पहिल्या वर्षी दोघांना अशी सूट दिली होती. कलम ४१ खाली तो गुन्हा आहे, दहा लाखांपर्यंत दंड आहे. पण दंडाच्या भीतीपेक्षा मला दुसरं सांगायचं आहे : ज्याला विमा फुकट मिळाला तो दुसऱ्या वर्षी भरत नाही. दोघांच्याही पॉलिसी बंद पडल्या.

पेढे घेऊन आलेल्या मुलीच्या वहीत मी माझं नाव लिहू दिलं नाही. तिला चहा दिला आणि विचारलं, रविवारी मोकळी आहेस का. पिंपोड्याजवळच्या एका घरी गेल्या पंधरवड्यात माझा एक पार्टी गेला आहे, अपघातात. चौदावा झाला. बायकोला अजून मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीतून घ्यायचा आहे, पॉलिसीचा मूळ कागद सापडत नाही, आणि तिचं बँकेतलं खातं माहेरच्या नावानं आहे. तीन-चार फेऱ्या होतील. ती मुलगी म्हणाली, "काकू, तिथं मी काय बोलू?" मी तिला सांगितलं, काही बोलू नकोस, कागद लावायला माझ्या शेजारी बस. सकाळी साडेआठच्या एसटीनं आम्ही दोघी जाणार आहोत. मुलाला सांभाळायला तिनं सासूबाईंना विचारलं आहे.

आपली,
एक विमा प्रतिनिधी,
कोरेगाव, जि. सातारा
(नाव व पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिला आहे)